माझ्या पेशींना रंग लागला नाही तो दिवस

या ग्रुपवर लोक जे लिहितात ते मी रोज वाचतो, आणि खरं सांगतो — हसतो. कोणाला पिंपळाखाली बाई दिसते, कोणाला बंद खोलीत पैंजण ऐकू येतात... आणि खाली पन्नास जण "बापरे" लिहून मोकळे. मी आजपर्यंत एकदाही बापरे लिहिलं नाही. शिक्षण माझं चौथी नापास, पण डोळे आणि डोकं दोन्ही शाबूत आहेत. इतवारीत मी सारी उमर रंगखान्यात काढली. सुताच्या, रेशमाच्या लडी रंगवायचं काम. तिथल्या मागच्या हौदातलं पाणी भर दुपारी आपोआप लाल होते, असं कामगार म्हणायचे. एकदोघं तर तिथं कुंकू वाहू लागले. मी हौद उपसला. तळाशी रंगाचा फुटका डबा. ऊन चढलं, पाणी तापलं, की रंग सुटायचा. संपली भुताटकी. तेव्हापासून कोणी असं काही सांगितलं की मी एकच म्हणतो — आधी हौद उपसा.

आता जे लिहून राहिलो, त्याचाही हौद उपसला. माझ्यापेक्षा फार शिकलेल्या लोकांनी उपसला. तळाशी काही सापडलं नाही, म्हणून लिहितो. मोबाईलवर एका बोटाने लिहून राहिलो, चुका असतील. नात म्हणाली मी तपासून देते... नाही दिलं. माझा अनुभव, माझ्या चुका.

तर ही नात, प्रणाली, माझ्या मोठ्या मुलाची मुलगी. सदरमध्ये एका लॅबमध्ये आहे. शुगर-लघवी तपासणारी साधी लॅब नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, ज्या रोगाशी लढतात, त्या कोणत्या जातीच्या किती आहेत ते तिथं पाहतात. मी विचारलं, इतक्या बारीक पेशी, सगळ्या पांढऱ्या, ओळखता कशा? तर तिने मला समजावलं ते मला एका मिनिटात समजलं, कारण ते माझंच काम निघालं.

पेशीच्या अंगावर म्हणे खुंट्या असतात. त्याला ते रिसेप्टर म्हणतात. प्रत्येक जातीच्या पेशीची खुंटी वेगळी. मग हे लोक शीशीतलं एक औषध टाकतात — मोनोक्लोनल अँटिबॉडी. एकाच पेशीपासून वाढवलेलं, त्यामुळे त्यातला कण न् कण सारखा, आणि तो एकाच प्रकारच्या खुंटीला जाऊन धरतो, तेही एकाच कोपऱ्याला. त्याच्या पाठीवर रंग बांधलेला असतो. मग मशीन एकेका पेशीला लेझरसमोरून सोडते. ज्या पेशीला रंग लागला ती चमकते.

मी म्हटलं, "हे तर रेशीमकाठी लुगडं झालं वं. रेशमाचा रंग सुताले धरत नाही. सारं लुगडं एकाच कढईत बुडवलं तरी काठ रंगतो, अंग कोरं राहते."

"हाव आबाजी, तसंच," ती म्हणाली. "पण आमच्या इथं कढई बरोबर आहे की नाही हे पाहाले रोज एका तब्येतीच्या माणसाचं रक्त लागते. पेशंटच्या रक्तासोबत त्याचंही रंगवतो. त्याले रंग बरोबर लागला तर पेशंटचा रिपोर्ट खरा धरतो."

"मग?"

"मग तुम्ही द्या न."

"मी काहून?"

"तुम्ही कधी आजारी पडत नाही म्हणून."

हे मात्र तिने बरोबर सांगितलं. मला ना शुगर, ना बीपी. या वयात एक गोळी चालू नाही. तर झालं, मी लॅबचा नॉर्मल माणूस झालो. महिन्यात एक-दोनदा बोलावायचे, थोडंसं रक्त घ्यायचे, चहा पाजायचे. गांधीसागरच्या बाकावर आम्ही म्हातारे बसतो, तिथं मी सगळ्यांना सांगितलं की मशीनने मला नॉर्मल ठरवलं आहे. आमचे वामनराव म्हणाले, "मशीन दुरुस्तीले द्या म्हणा." जळतात.

प्रणाली मला पडद्यावर दाखवायची. ठिपक्यांचे ढग दिसतात. लढाईत हुकूम सोडणाऱ्या ज्या मदतनीस पेशी, त्यांच्या खुंटीला सीडी-फोर म्हणतात. माझा सीडी-फोरचा ढग नेहमी पडद्यावर उंच, घट्ट, एका जागी. ती म्हणायची, पुस्तकात छापावं असा आहे. मी ते चित्र मागितलं होतं, भिंतीवर लावायला. दिलं नाही.

आता मुद्द्याचं.

मे महिना होता. दिवस भर उन्हाचा. कोणी विचारण्याआधीच सांगतो — अमावास्या नव्हती, कोणाची तिथी नव्हती, लॅबमध्ये ट्यूबलाइट चालू, कूलर धडधडून राहिला होता. मी सकाळी रक्त दिलं आणि बाहेरच्या बाकावर बसलो, कारण त्या उन्हात लगेच घरी जाण्यात काही अर्थ नव्हता.

बाकावर एक जोडपं बसलं होतं. बाई तरणी, मांडीवर वर्षाच्या आतलं पोरगं, त्याच्या तोंडावर तिने पदर धरलेला. नवरा उभाच. त्याच्या नखांच्या कडेला निळा रंग होता. तो रंग मी आंधळा झालो तरी ओळखीन.

"कुठं रंगवता गा?" मी विचारलं.

तो चमकला. "बुटीबोरीले. कपड्याच्या कंपनीत, डाइंगमध्ये. तुम्हाले कसं समजलं बाबाजी?"

"नखं पाहून. लिंबू लावून पाह्य, जाते."

त्याचं नाव ईश्वर, गाव पवनीकडचं. पोराचं नाव कान्हा. मी पोराकडे हात केला तर आई पटकन मागे सरकली. मग तिलाच वाईट वाटलं.

"रागावू नका बाबाजी. डॉक्टरनं सांगतलं, कोणाले हात लावू देऊ नका."

मग ईश्वरने सांगितलं. पोराच्या छातीत सारखा कफ होते. दोनदा दवाखान्यात ठेवलं. मोठ्या डॉक्टरला संशय आला की याच्या रक्तात मदतनीस पेशीच नसतील, जन्मापासून. तसं निघालं तर पोराला बाहेरगावी न्यायचं, दुसऱ्या कोणाच्या हाडातला मगज मिळतो का पाहायचं, आणि तोवर त्याला काचेच्या भांड्यासारखं ठेवायचं. गोवराची लससुद्धा द्यायची नाही, कारण ती लसच अशा पोरावर उलटते.

"बाकीच्या पोराईले लस देऊन झाली," त्याची बायको म्हणाली. "अंगणवाडीची बाई दोनदा घरी आली. काय सांगू तिले? आम्ही त्याले गावालेबी नाई नेलं. याच्या आजीनं अजून याले मांडीवर नाई घेतलं."

"आज रिपोर्ट येते," ईश्वर म्हणाला. "आज ठरते सारं. आपल्या सायबाले म्हटलं, आजचा दिवस सोडा."

मी त्याला सांगितलं की माझं रक्त आधी पाहतात, मग त्यावरून तुझ्या लेकराचं. तो पहिल्यांदा थोडा हसला. "म्हणजे तुम्ही काट्याचा बाट, तोलायचं वजन."

"तसंच समज. आणि बाट खोटा नाही, याची ग्यारंटी."

हे मी बोललो. आणि थोड्या वेळाने दार उघडून प्रणाली बाहेर आली, तर तिचा चेहरा उतरलेला.

"आबाजी, आत या जरा."

आत तिच्या मॅडम होत्या. मॅडम पुण्याकडच्या, कडक, पण कामाला पक्क्या. त्यांनी मला खुर्ची दिली आणि विचारलं, "आबाजी, काल-परवा काही औषध घेतलंत? इंजेक्शन? कोणाचा काढा वगैरे?"

"मी पाण्याशिवाय काही घेत नाही. काय झालं?"

प्रणालीने पडदा माझ्याकडे फिरवला. माझे बाकीचे ढग जागच्या जागी होते. आणि सीडी-फोरची जागा... कोरी. माझा तो पुस्तकात छापण्यासारखा ढग खाली, जमिनीला टेकलेला, जसा रंग न लागलेल्या पेशींचा असतो.

"आणि हा त्या बाळाचा," मॅडम म्हणाल्या. त्याचाही अगदी तसाच. वर काही नाही.

आता मी अडाणी माणूस, पण हे मला समजलं. बाट हलका निघाला तर मापाला अर्थ नाही. मॅडम म्हणाल्या, शीशी खराब असेल, दुपारी लाइट जाते, फ्रीज तापला असेल. त्यांनी तिथल्या टेक्निशियनचं, राकेशचं, रक्त घेतलं आणि त्याच शीशीतलं औषध टाकलं. राकेशचा ढग वर. लख्ख. म्हणजे शीशी चांगली होती.

"मग तुमच्या नळीत औषध टाकायचं राहिलं," मॅडम प्रणालीकडे पाहून म्हणाल्या. "होतं असं. पण बाळाच्याही नळीत राहिलं का?"

प्रणाली म्हणाली, "नाही मॅडम. मी दोन्हीत टाकलं."

"मग काय समजायचं? बाळाला मदतनीस पेशी नाहीत हे मी समजू शकते, त्याच्यासाठीच तो आलाय. आबाजींना नाहीत म्हटलं तर ते माझ्यासमोर बसलेत कसे?" मग त्या शांत झाल्या. "हे बघ, आबाजींची नळी चूक म्हणून बाजूला ठेव. राकेशचं रक्त चांगलं आलंय, त्यालाच आजचा नॉर्मल धरू. बाळाचा रिपोर्ट त्यावर देता येईल. डॉक्टरांचे दोन फोन येऊन गेलेत."

त्यांचं काही चुकत नव्हतं. नियमाने ते बरोबर होतं. एक बाट खराब निघाला, दुसरा चांगला सापडला, माप करून टाका. पण मी तिथं अडलो. लोक म्हणतात मी हट्टी आहे, तर आहे.

"माझी नळी चूक नाही," मी म्हटलं. "माझ्या नातीने सांगितलं टाकलं, तर टाकलं. पुन्हा घ्या रक्त. तुम्ही घ्या, तुम्ही टाका."

"आबाजी, उगाच—"

"उगाच कसं? मी इथं फुकटचा चहा प्यायला येत नाही. मी तुमचा नॉर्मल आहे. एक तर मी नॉर्मल आहे, नाही तर नाही. चूक म्हणून मला कचऱ्यात नका टाकू."

मॅडम हसल्या की चिडल्या मला सांगता येत नाही. पण त्यांनी माझी बाही वर केली. स्वतः रक्त काढलं, स्वतः नळीवर नाव लिहिलं, स्वतः औषध टाकलं, आणि अंधाऱ्या कपाटात ठेवून स्वतः समोर बसल्या. दाराच्या काचेतून मला ईश्वर दिसत होता, भिंतीला टेकून उभा, आणि त्याच्या बायकोच्या पदराखालून पोराचा एक पाय हवेत हालत होता.

नळी मशीनला लावली. ठिपके यायला लागले. खाली. सगळे खाली.

तेव्हा प्रणाली एकदम म्हणाली, "आजी."

मॅडमनी विचारलं, कोण आजी?

"माझी आजी. यांच्या मिसेस. मी कॉलेजात शिकत होते तेव्हा सरावाला तिचं रक्त नेलं होतं. असंच आलं होतं. अगदी असंच, सीडी-फोर कोरं, बाकी सगळं बरोबर. आमचे सर म्हणाले तू अँटिबॉडी टाकायला विसरलीस. सगळ्यांसमोर ओरडले. मलाही तसंच वाटलं, मी ते पुन्हा करून पाहिलं नाही."

मलाही ते आठवलं. पोरगी घरी येऊन रडली होती, आणि कौसल्या — माझी बायको — भाजी निवडता निवडता म्हणाली होती, "तुह्या रंगाले मी पसंत नसंन आली. राहू दे वं. माह्यात काय कमी आहे?" आणि खरंच कमी नव्हतं. ती शेवटपर्यंत तब्येतीने ठणठणीत होती. झोपेतच गेली. लॅबमधल्या त्या दिवशी तिला जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती.

मॅडम खुर्चीवरून उठल्या. त्यांच्या डोक्यात काहीतरी चमकलं ते मला दिसलं. त्या प्रणालीला म्हणाल्या, "म्हणजे खुंटी आहे. आपल्या शीशीतली अँटिबॉडी खुंटीचा जो कोपरा धरते, तो कोपराच काही लोकांत वेगळा असतो. मी वाचलंय हे. इतकी वर्षं एकही पाहिला नाही. खुंटी जागेवर आहे, काम करते आहे, आपल्याला फक्त दिसत नाही." मग त्या पटकन म्हणाल्या, "दुसरा क्लोन कुठं आहे? वेगळा कोपरा धरणारा?"

लॅबमध्ये ती दुसऱ्या जातीची अँटिबॉडी नव्हती. मॅडमनी ओळखीच्या एका संस्थेत फोन केला आणि राकेशला गाडी घेऊन त्या उन्हात पाठवलं. तो लाल होऊन परत आला, थर्मासमध्ये बर्फ आणि बर्फात एवढीशी शीशी. मॅडमनी माझं रक्त रंगवलं आणि बाळाचं रंगवलं.

माझा ढग वर गेला. मग त्यांनी बाळाची नळी लावली. मी पडद्याकडे पाहत नव्हतो, प्रणालीच्या तोंडाकडे पाहत होतो. तिने तोंडावर हात ठेवला. पाहिलं तर कान्हाचा ढग वर चढून राहिला होता. गच्च, मोठा.

पोराला पेशी होत्या. सगळ्या होत्या. पहिल्या दिवसापासून होत्या. शीशीला दिसत नव्हत्या.

मॅडम बाहेर जाऊन जोडप्याला सांगायला लागल्या. ईश्वरला काही समजेना. त्या म्हणत होत्या रिसेप्टर, क्लोन, आणि तो नुसता मान हालवत होता, डोळ्यांत भीती तशीच. शेवटी मी पुढे झालो.

"ईश्वर, तुह्या डाइंगमध्ये सुताले रेशमाचा रंग टाकला तर धरते का?"

"नाई."

"मग सूत खराब आहे का?"

"नाई."

"तसं झालं गा. तुह्यं पोरगं चांगलं आहे. रंग त्याचा नव्हता."

तो जागीच खाली बसला. बायकोने पोराच्या तोंडावरचा पदर काढला, आणि पोरगं माझ्या हातात दिलं. जड होतं. त्याने माझा चष्मा ओढला.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल यात अमानवीय काय? बायकोच्या रक्तात होतं ते नवऱ्याच्याही रक्तात होतं, योगायोग. थांबा.

मी त्याआधी त्या लॅबमध्ये कितीतरी वेळा रक्त दिलं होतं. तेच औषध, तोच क्लोन. प्रत्येक वेळी माझा ढग वर. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये सगळी चित्रं आहेत, मॅडमनी एकेक उघडून पाहिली. आणि त्या दिवसानंतर पुढच्या आठवड्यात मला बोलावलं, मॅडमनी स्वतः जुन्याच शीशीने रंगवलं. वर. लख्ख. त्यांनी पुन्हा केलं, राकेशकडून करून घेतलं, दुसऱ्या लॅबमध्ये पाठवलं. प्रत्येक वेळी वर. जन्मात कोपरा बदलत नाही म्हणतात, तो जन्माचाच असतो. माझा एका दिवसापुरता बदलला होता.

मॅडमनी विचारलं, "आबाजी, तुमच्या पत्नी नात्यातल्या होत्या का? मामाची मुलगी वगैरे?"

"नाही. ती अचलपूरकडची. माझ्या घराण्यात तिच्याआधी कोणी अचलपूर पाहिलं नव्हतं. आणि मॅडम, असती तरी... नवऱ्याच्या अंगात बायकोचं रक्त कुठून येईल?"

"येणार नाही," त्या म्हणाल्या. "तेच तर."

मी म्हटलं, हौद उपसा. त्यांनी उपसला. त्या दिवसाच्या माझ्या दोन्ही नळ्या फ्रीजमध्ये होत्या. कौसल्याचं जुनं रक्त कुठं जपून ठेवलं होतं आणि चुकून आलं असं तर नाही? नव्हतं. रक्तगट पाहिला, माझाच. तिचा वेगळा होता. त्याच नळीतल्या पेशी जुन्या शीशीने पुन्हा रंगवल्या तर काय, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, पेशी एव्हाना मेल्या आहेत, आता त्यांच्यावर भरवसा नाही. ते एक राहून गेलं. मला अजून वाटते ते दुसऱ्याच दिवशी, पेशी जिवंत असताना करायला पाहिजे होतं. पण तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं की पुढच्या आठवड्यात मी पुन्हा नॉर्मल होणार आहे.

मग प्रणालीने स्वतःचं रक्त जुन्या शीशीने रंगवून पाहिलं. तिचा ढग अर्ध्यावर आला. अर्धा रंग. मॅडम म्हणाल्या, हे बरोबर आहे, कोपऱ्याची जोडी असते, त्यातला एक आजीकडून बापाच्या वाटेने नातीला मिळाला. म्हणजे कौसल्याच्या खुंटीचा कोपरा खरंच वेगळा होता. कॉलेजात पोरीची चूक झाली नव्हती. प्रणाली त्या दिवशी घरी आली आणि आजीच्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. मी टीव्हीचा आवाज तेवढा कमी केला.

लॅबच्या कामात अशा दिवसाला कारण लिहावं लागते. मॅडम लिहिणार होत्या, तांत्रिक चूक. मी म्हटलं, चूक कोणाची? औषध तुम्ही टाकलं, रक्त माझं, मशीन ठीक. मग चूक काहून लिहिता? त्या म्हणाल्या, आबाजी, काहीतरी लिहावं लागतं ना. मी म्हटलं, माहीत नाही असं लिहा. आणि त्यांनी तेच लिहिलं. त्या बाईबद्दल मला तेव्हापासून फार आदर आहे. एवढं शिकून माहीत नाही लिहायला हिंमत लागते.

गांधीसागरच्या बाकावर मी हे सांगितलं, तर वामनराव ताबडतोब म्हणाले, "वहिनी आल्या होत्या हो."

मला राग आला. "ती दवाखान्याचं नाव काढलं की पळायची. गुडघा दुखला तरी गेली नाही. मेल्यावर जाईल?"

"पोरासाठी गेल्या असतील."

"कोणाच्या पोरासाठी? तिच्या ओळखीचं होतं का ते?"

  पण घरी येताना माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. कौसल्याला ओळख लागायची नाही, हे खरं आहे. रस्त्यात कोणाचंही पोरगं रडलं तर ही थांबायची, त्याच्या आईला चार सल्ले द्यायची, माझी गाडी सुटायची. पण म्हणून मी असं मानीन का? नाही मानत. मी तिच्यासोबत इतकी वर्षं राहिलो, ती माझ्या अंगात कधी शिरली नाही. माझं ऐकतही नव्हती.

दुसरा प्रश्न मी मॅडमना विचारला होता. त्या दिवशी माझा ढग नेहमीसारखा वर आला असता तर? त्या म्हणाल्या, पेशी नाहीत असाच रिपोर्ट गेला असता. आज ना उद्या कोणाच्यातरी लक्षात आलंच असतं, मोठ्या दवाखान्यात दुसऱ्या शीशीने पाहिलं असतं. पण तोवर किती महिने, आणि त्या पोराला काय काय झालं असतं, ते मी सांगू शकत नाही. एवढं बोलून त्यांनी विषय बदलला.

कान्हाची छाती नंतर साध्या औषधांनी बरी झाली. घरात चुलीचा धूर होता, तो बंद केला. एक दिवस सकाळी ईश्वरचा फोन आला. मागे भयानक आरडाओरडा.

"काय झालं गा?" मी घाबरलो.

"काई नाई आबाजी, गोवराची लस देल्ली आता. ऐका, कसा बोंबलून राहिला." त्याने फोन पोराच्या तोंडाशी धरला असावा. माझा कान फुटायची वेळ आली. मागून बायका हसत होत्या, आणि एक म्हातारी म्हणत होती, "द्या इकडं, माह्यापाशी द्या त्याले." पोरगं हळूहळू शांत झालं, मग नुसते हुंदके, मग ते पण थांबले. मी फोन ठेवला नाही, ते सगळं ऐकत राहिलो.

आता तुमच्यापैकी ज्यांना या विषयातलं समजते त्यांनी खाली लिहा, माझ्या खुंटीचा कोपरा एका दिवसापुरता कुठं गेला होता. ताईत-अंगारेवाल्यांनी मेहेरबानी करून लिहू नये. प्रणालीला विचारलं तर ती म्हणते, माहीत नाही. मॅडम म्हणतात, माहीत नाही. मलाही माहीत नाही. फक्त चूक झाली होती असं कोणी म्हटलं तर ते मी ऐकून घेणार नाही.